हकीकत कडेच्या लेनची आणि आठ सेकंद सर केल्याची

समस्त चाके फिरवणारे, पायी चालणारे, हॉर्न वाजवणारे आणि हॉर्न ऐकून दचकणारे यांस विदित व्हावे, की शहराचे मध्यभागी जो मोठा चौरस्ता आहे, जेथे सिग्नलाचे चार खांब चार दिशांस पहारा देऊन उभे असतात, तेथे सांप्रतचे काळी एक थोर लढाई जाहली. तीत तलवार उपसली नाही, रक्त सांडले नाही, एका मोटारीच्या आरशास ओरखडा गेला इतकेच. परंतु जो मुलूख जिंकून घेतला तो आठ सेकंदांचा होता. आठ सेकंद ते काय, ऐसे कोणी नाक मुरडून पुसेल, तर त्याने आधी गुडघ्याचे ऑपरेशन करून घ्यावे आणि मग हा रस्ता ओलांडून पाहावा. लिहिणाराने जे पाहिले, जे ऐकिले, आणि जे चहाचे वेळी दुसऱ्याने ऐकिलेले ऐकिले, ते सर्व पदरचे काही न घालता लिहिले आहे. मीठमसाला कोठे लागलाच, तर तो मूळ माणसांचा समजावा.

ऐसियास रणभूमीचा मजकूर प्रथम सांगणे आले. रस्त्याच्या अलीकडच्या अंगास, दुसऱ्या मजल्यावर, आईसाहेब राहत. आणि बरोबर समोर, पलीकडच्या अंगास, पहिल्या मजल्यावर, त्यांच्या धाकट्या भगिनी मावशीसाहेब राहत. वीस वर्षांचा रिवाज ऐसा, की चाराच्या ठोक्यास आईसाहेब कूच करून पलीकडे दाखल होत, आणि मग चहा होई, आणि मग पत्त्यांचा डाव पडे, आणि डावात लबाडी कोणी केली यावर तंटा होई, आणि सहा वाजता दोघी एकमेकींवर फुगून उद्या येण्याचे वचन देऊन उठत. त्यात खंड म्हणून नव्हता. मग आईसाहेबांचा गुडघा बिघडला, ऑपरेशन जाहले, नवा गुडघा बसला, परंतु चालीचा जुना वेग काही परत आला नाही. रस्ता ओलांडण्यास त्यांस आता एकोणीस सेकंद लागत. आणि सिग्नल पायी चालणारांस चौदाच सेकंद देई.

पहिल्याच खेपेस आईसाहेब रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर अडकल्या. पुढून ट्रक, मागून ट्रक, मध्ये दीड हात रुंदीचा दगडी कट्टा, त्यावर आईसाहेब, हातात घट्ट धरलेली पिशवी, आणि पुढचा हिरवा दिवा एकशे सहा सेकंदांनी. त्यात एका मोटारवाल्याने काच खाली करून, "आजी, घरी बसा की," ऐसा अनाहूत सल्ला दिला आणि तो निघून गेला. आईसाहेब कशाबशा माघारी आल्या, बाहेरच्या चपला कपाटात ठेविल्या, आणि बोलिल्या, "संपलं. आता तिनं मला खिडकीतून बघायचं आणि मी तिला." मावशीसाहेबांनी उलट येऊन भेटावे, तर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गाडी जवळ आली की लांब आहे हेच त्यांस उमगेना. येणेप्रमाणे चार महिने लोटले. दोघी सख्ख्या बहिणी, एकमेकींच्या खिडकीचे पडदे पाहत बसल्या आणि फोनवर एकमेकींस मोठमोठ्याने बोलत राहिल्या, कारण मध्ये गाड्यांचा आवाज होता.

आता या आईसाहेबांस एक कन्या होती, आणि ती रस्तेखात्याच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्रामागल्या टेबलावर शुमारनवीस होती. गाड्या मोजणे आणि उद्या किती येतील याचा अंदाज बांधणे हे तिचे काम. कचेरीत तिला अवघे मोजणीबाई म्हणत, कारण तिला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. जिन्याच्या पायऱ्या, कपबशीतले घोट, बैठकीत मोठे साहेब किती वेळा "बघूया" म्हणाले, सर्व तिजपाशी मोजून तयार असे. आईचे एकोणीस सेकंदही तिनेच घरच्या व्हरांड्यात, हातात घड्याळ घेऊन, चार वेळा मोजिले होते. पाच सेकंद कमी पडतात हे कळल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हते.

तशात रस्तेधुरंधर, सिग्नलबहाद्दर, नकाशाधिपती मोठे साहेब यांनी एक मोहीम मांडली. मोठ्या रस्त्यावर सरळ जाणाऱ्या वाहनांस एकच लेन होती आणि तिची रांग पार पुलापर्यंत जाई. साहेबांनी तजवीज केली, की सिग्नलाच्या अलीकडे शंभर पावले आणि पलीकडे शंभर पावले, कडेने एक ज्यादा लेन काढावी, तीही सरळ जाणारांसाठीच. म्हणजे लाल दिव्यापाशी दोन रांगा लागतील, आणि हिरवा होताच दोन्ही जोडीने सुटतील, आणि पलीकडे कडेची लेन संपली की गाड्या पुन्हा एकीत एक मिसळतील. तितक्याच गाड्या कमी वेळात पार जाहल्या म्हणजे मोटारींच्या हिरव्यातले आठ सेकंद काढून पायी चालणारांस देता येतील, चौदाचे बावीस होतील. मोजणीबाईने बावीसातून एकोणीस वजा केले, आणि तीन उरतात हे पाहून त्या दिवशी तिने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

परंतु वरून हुकूम आला, की आठ सेकंद फुकट मिळणार नाहीत. चाचणीच्या दिवशी नवा सिग्नल लावावा, पहिला तास लोकांस रुळण्यास सोडावा, आणि मग कचेरीच्या जुन्या दस्तुराप्रमाणे पाचाच्या ठोक्यापासून सरळ जाणारी शंभर वाहने मोजावी. त्यांपैकी चाळीस कडेच्या लेनने गेली तर आठ सेकंद कायम. एक जरी कमी पडले तरी जुने तेच चालू. मोठ्या साहेबांनी खुशाल भाकीत केले की चाळीस काय, पन्नास जातील, कारण पुस्तकात लिहिले आहे की दोन लेन दिल्या असता वाहने समसमान वाटून जातात. मोजणीबाईने हळूच अर्ज केला, की पुस्तक वाचून कोणी गाडी चालवत नाही. साहेब "बघूया" म्हणाले. ते त्या बैठकीतले नववे होते.

मग पहिली स्वारी जाहली, आणि तिची गत सांगण्यास लेखणी लाजते. पाटीखात्याचे सरदार, ज्यांस सर्व पाटीबहाद्दर म्हणत, हे मोठे इमानी पुरुष. "आधी सूचना, मग रस्ता" हा त्यांच्या खात्याचा बाणा. त्यांनी कडेच्या लेनसाठी चार पाट्या केल्या, एकीपेक्षा एक मोठी, आणि चारींवर लिहिले, 'ही लेन पुढे संपते'. त्यांतल्या दोन पाट्या तर लेन सुरू होण्याआधीच लाविल्या. म्हणजे जी लेन अजून लोकांनी डोळ्यांनी पाहिली नाही, तिचा अंत त्यांस आधीच कळविला. त्यावर कळस म्हणजे मोजणारे चार शिपाई पिवळीजर्द जाकिटे घालून लेनच्या तोंडाशीच उभे केले. लोकांस वाटले, हे दंड करण्यास उभे आहेत. पाच वाजता मोजणी लागली आणि शंभर वाहनांतून कडेने गेली ती अकरा. त्यांत एक रुग्णवाहिका होती आणि दोन जण रस्ता चुकलेले होते. मुख्य लेनची रांग पूल ओलांडून पलीकडे गेली, हॉर्नांचा कल्लोळ उठला, आणि आठ सेकंद एका तासाचे राज्य करून पदच्युत जाहले.

साहेबांनी दरबार भरविला आणि फर्माविले, की आणखी एकच खेप मिळेल, पुढल्याच्या पुढल्या गुरुवारी. तीही हुकली तर कडेच्या लेनमध्ये कुंड्या ठेवाव्या. लोकच अडाणी आहेत, ऐसा ठराव बहुमताने होऊ घातला होता. पाटीबहाद्दरांनी "पाट्या कमी पडल्या, आणखी चार लावतो," ऐसे म्हणताच मोजणीबाईच्या कपाळास आठी पडली. ती तिने मोजली नाही.

घरी जेवताना तिने आईसाहेबांस अवघा मजकूर सांगितला. आईसाहेबांनी भाताचा घास हातातच ठेविला आणि बोलिल्या, "अगं, दवाखान्यात दोन खिडक्या असतात. एकीवर लिहिलंय 'ही खिडकी लवकरच बंद होईल'. मग ती रिकामी का असेना, मी नाही जायची. उभं राहायचं आणि नेमकी तोंडावर बंद झाली म्हणजे? त्यापेक्षा मोठ्या रांगेत बरं. निदान सगळ्यांबरोबर."

मोजणीबाईने ताट बाजूस सारिले. ती उठली, हात धुतले, आणि कागदावर लिहून ठेविले: निदान सगळ्यांबरोबर.

दुसरे दिवशी सकाळपासून तिने वेढा घातला. लेन अजून उघडी होती, सिग्नल मात्र जुना. आणि खांबावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण कचेरीत येत असे. ती दोन्ही हातांत एकेक मोजणीचे यंत्र घेऊन बसे, अंगठ्याने दाबले की टक् करून आकडा एकाने पुढे जाई. उजवा अंगठा मुख्य लेनचा, डावा कडेच्या लेनचा. ऐसे सहा दिवस चालले. अंगठे सुजले, चहा गार जाहला, झेरॉक्सला आलेले लोक तिच्या डोक्यावरून कागद देऊ-घेऊ लागले, परंतु सहावे दिवशी गनिमाचे मर्म हाती लागले. मुख्य लेनची रांग कडेच्या लेनपेक्षा सात गाड्यांनी लांब जाहल्याखेरीज माणूस हलत नाही. सहापर्यंत तो मुकाट बसतो, सातवीला त्याचा धीर सुटतो. आणि याच चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली, जी पाहून तिने चित्र तीन वेळा मागे नेले. रोज पाच वाजून नऊ मिनिटांनी एक करडी मोटार येई, मुख्य लेनच्या रांगेत कधी बाराव्या, कधी सतराव्या जागी उभी राही, शेजारी कडेची लेन मोकळी ठणठणीत पडलेली असे, तरी ती मोटार तसूभर सरकत नसे. सहाच्या सहा दिवस. ती मोटार खुद्द मोठ्या साहेबांची होती.

ज्याने किल्ला बांधिला तोच वेशीबाहेर मुक्काम करून राहतो, हा प्रकार इतिहासात विरळा. मोजणीबाईने बहुत विचार केला, आणि मग दुपारी साहेबांच्या खोलीत, भिंतीवरच्या टाचण्या टोचलेल्या नकाशाखाली, खलबतास बसली.

"साहेब, एक विचारू? रागवणार नाही ना?"

"विचारा की."

"तुम्ही कडेच्या लेननं का जात नाही?"

साहेबांनी पेनाचे टोपण काढिले, लाविले, पुन्हा काढिले. मोजणीबाई टोपण मोजू लागली होती, पाचव्याला ते बोलिले. "खरं सांगू? पुढे लेन संपल्यावर आत घेतील की नाही, कुणी सांगावं. तिथं इंडिकेटर लावून तोंड वेंगाडत बसायचं. आणि दुसरं म्हणजे," येथे त्यांनी दाराकडे पाहिले, "सगळे बिचारे रांगेत उभे, आणि आपण कडेनं सुळकन पुढे. घुसखोरी केल्यासारखं वाटतं हो. लोक काय म्हणतील?"

"पण साहेब, लेन तुम्हीच केलीय."

"लोकांना कुठं माहितीय," साहेब बोलिले, आणि मग स्वतःच हसू लागले.

मोजणीबाईस त्या घटकेस साहेबांविषयी जी माया वाटली ती याआधी आठ वर्षांत वाटली नव्हती. तिने तेथल्या तेथे नवी मसलत मांडली: चारही पाट्या उतरवाव्या, सिग्नलाआधी एकच पाटी लावावी, 'सरळ जाणाऱ्यांसाठी दोन्ही लेन', म्हणजे कडेने जाणारास घुसखोर वाटणार नाही, आणि सिग्नलापलीकडे, जेथे लेनी मिसळतात तेथे दुसरी, 'इथे एक सोडून एक', म्हणजे त्यास भीक मागावी लागणार नाही. साहेब "बघूया" न म्हणता "करा" म्हणाले. हे कचेरीच्या स्मरणातले पहिलेच.

पाटीबहाद्दरांची समजूत घालण्यास मात्र एक दिवस गेला. त्यांचे म्हणणे, लेन संपते हे आधी न सांगणे म्हणजे विश्वासघात होय. मोजणीबाईने त्यांस पुसले, की तुम्ही लग्नाच्या आमंत्रणावर जेवण किती वाजता संपणार ते सर्वांत वर छापता काय. ते म्हणाले, "बारीक अक्षरात छापतो." शेवटी तह ऐसा जाहला, की सूचनेची एक बारीक पाटी सिग्नलापलीकडे राहील, आणि दोन नव्या पाट्या ते स्वतःच्या देखरेखीखाली रंगवतील. रंगवल्या त्या मात्र सुरेख. अक्षर पाहून मोजणीबाईने त्यांस तोंडावर शाबासकी दिली, तेव्हा तो इमानी पुरुष लाजला.

अतःपर अंदाज बांधणे राहिले. मोजणीबाईने कचेरीतल्या बत्तीस जणांस जुन्या आणि नव्या पाट्यांची चित्रे दाखविली आणि नाव न लिहिता उत्तर मागितले, की रांग किती गाड्यांनी लांब असता तुम्ही कडेने जाल. जुन्या पाटीस उत्तर आले सात. नव्यास आले चार. एका कागदावर मात्र दोन्ही ठिकाणी 'कधीच नाही' ऐसे लिहिले होते, आणि अक्षर साहेबांचे होते. मग तिने पाचाच्या सुमाराची रांग धरून गणित मांडिले. उत्तर आले एकोणचाळीस. तिने पुन्हा मांडिले, एकोणचाळीस. पेन्सिलीस टोक करून, खुर्ची बदलून, पाणी पिऊन तिसऱ्यांदा मांडिले, तेव्हाही एकोणचाळीसच. अंदाज पाकिटात बंद करून चाचणीच्या दिवशी सकाळी साहेबांच्या कपाटात ठेवावा लागे, आणि चाचणी झाल्यावरच तो फोडीत.

बुधवारी संध्याकाळी आईसाहेबांनी पुसले, "काय म्हणतंय तुझं गणित?"

"एकोणचाळीस."

"आणि हवेत किती?"

"चाळीस."

आईसाहेब खिडकीतून समोरच्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एक वाढवून लिहिता येत नाही का गं?"

"लिहिता येईल, आई. पण गाडी यायची नाही."

"हं. बापावर गेलीस," आईसाहेब बोलिल्या, आणि थोड्या वेळाने तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "असू दे. खरं तेच लिही." मोजणीबाई त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली, आणि सकाळी जाऊन पाकिटात एकोणचाळीसच ठेवून आली. शुमारनवीसाचे शील म्हणतात ते हे. चाचणीच्या वेळात नवा सिग्नल चालू राहणार होता, तेव्हा निदान त्या अवधीत तरी बहिणीस भेटून घ्यावे, ऐसे तिने सुचविले, त्यावर आईसाहेबांचा करारी जबाब आला, "उसन्या सेकंदांवर मी रस्ता ओलांडणार नाही. कायमचे झाले की सांग, मग चपला काढते."

गुरुवार उजाडला. चार वाजता नवा सिग्नल सुरू जाहला. पिवळी जाकिटे कचेरीतच खुंटीस टांगली होती. मोजणीचा तळ या खेपेस गुप्तपणे मावशीसाहेबांच्या गॅलरीत पडला, कारण तेथून दोन्ही लेनी स्वच्छ दिसत. वाळत घातलेल्या चादरीआड मोजणीबाई दोन हातांत दोन यंत्रे घेऊन बसली, साक्षीदार म्हणून पाटीबहाद्दर प्लॅस्टिकच्या स्टुलावर वही घेऊन बसले, आणि मावशीसाहेब दोघांच्या मध्ये उभ्या राहून, काहीएक दिसत नसता, दर मिनिटास "आपले किती झाले?" ऐसे पुसू लागल्या. समोरच्या खिडकीत आईसाहेब बसल्या होत्या. मोठे साहेब कचेरीत होते. त्यांनी कळविले होते, की मी तेथे आलो तर लोक ओळखतील, सबब मी आपला रोजच्यासारखा घरी जाईन.

पाचाचा ठोका पडला आणि लढाईस तोंड लागले. पहिला हिरवा, बावीस गाड्या सुटल्या, कडेने सहाच. पाटीबहाद्दरांनी सुस्कारा सोडिला. मग दुसऱ्या लालात एक लाल मोटार बेधडक कडेस आली, पहिल्या जागी उभी राहिली, हिरवा होताच सुटली, आणि पलीकडे 'एक सोडून एक' या पाटीपाशी एका बसने थांबून तिला आत घेतले. हे मागच्यांनी पाहिले. मग एक व्हॅन कडेस आली, आणि मग एक गवंड्यांचा टेम्पो, आणि मग एक बाई शेजारी कुत्रा बसवून. कुत्र्याचे डोके खिडकीबाहेर होते आणि त्याची मुद्रा विजयी वीराची होती. साठ वाहने जाहली तेव्हा कडेचा आकडा चोवीस. ऐशात गनिमाने घात केला: शिकाऊ चालकाची एक गाडी कडेच्या लेनमध्ये शिरली आणि हिरवा होताच बंद पडली. तिची चावी तीन वेळा फिरली तोवर मागचे चार जण काढता पाय घेऊन मुख्य लेनीत गेले, त्या गडबडीत एकाचा आरसा दुसऱ्यास घासला, दोघांनी काचा खाली केल्या, एकमेकांस दोन शब्द ऐकविले आणि काचा वर केल्या. मोजणीबाईच्या कपाळावर घाम आला. पाटीबहाद्दरांनी मुकाट्याने आपला रुमाल पुढे केला.

"आपले किती झाले?" मावशीसाहेब.

"मावशी, थांब गं जरा."

नव्वद वाहने, कडेने पस्तीस. पंच्याण्णव, सदतीस. मग एक गाडी मुख्य, एक कडेची, अडतीस. मग एक मोटारसायकल कडेने गेली, एकोणचाळीस. ते अठ्ठ्याण्णवावे वाहन. नव्व्याण्णवावे आले, ते क्षणभर दोन्ही लेनींच्या मध्ये घुटमळले, आणि मुख्य लेनीत जाऊन उभे राहिले. मोजणीबाईचा उजवा अंगठा टक् करून वाजला. आता एकच उरले, आणि तिने मान वर करून पाहिले, तो पुलाच्या बाजूने करडी मोटार येत होती. घड्याळात पाच वाजून नऊ मिनिटे जाहली होती.

तिने यंत्रे मांडीवर ठेविली. मोजण्यासारखे आता काही नव्हते. मुख्य लेनची रांग कडेपेक्षा दोनच गाड्यांनी लांब. चार असती तरी हा माणूस जाता ना, त्याने स्वहस्ते 'कधीच नाही' लिहून दिले होते. सहा दिवसांचे चित्रण साक्षीस होते. तिचे गणित तंतोतंत खरे ठरत होते, आणि आपले गणित खरे ठरले म्हणून इतके वाईट तिला जन्मात कधी वाटले नव्हते. समोरच्या खिडकीत आईचा पांढरा अंबाडा दिसत होता.

करडी मोटार नव्या पाटीपाशी आली आणि मंदावली. पाटीबहाद्दर स्टुलावरून अर्धे उठले. मोटारीने पाटी वाचिली ऐसेच म्हणावे लागेल, कारण ती तेथे चांगली चार सेकंद रेंगाळली. मग तिचा कडेचा इंडिकेटर लागला. विझला. पुन्हा लागला. आणि मोठे साहेब, मान ताठ करून, कोणाकडेही न पाहता, कडेच्या लेनमध्ये दाखल जाहले. हिरवा पडला, मोटार सुटली, चौरस्ता ओलांडून लेनच्या शेवटास पोहोचली, आणि तेथे पाण्याच्या एका अवाढव्य टँकरवाल्याने थांबून हाताने "या" केले. साहेब आत गेले. जाताना त्यांनी खिडकीतून हात काढून टँकरवाल्यास जो नमस्कार केला, तो पहिल्या मजल्यावरून स्पष्ट दिसला.

डावा अंगठा टक् करून वाजला. चाळीस.

"झाले का आपले?" मावशीसाहेबांनी पुसले.

मोजणीबाई दोन्ही यंत्रांवरचे आकडे पुन्हा वाचू लागली. पाटीबहाद्दर वही मिटून म्हणाले, "झाले, मावशी. पण साहेबांची गाडी धरायची का, हा प्रश्न आहे." इमानी पुरुषास इमान सोडवत नाही ते ऐसे. मग साहेबांच्या घरी फोन लाविला आणि आकडा न सांगता पुसले, की आपली गाडी मोजणीत धरावी की कसे. साहेबांनी हुकूम केला, की दस्तुरात वाहन म्हटले आहे, माझे वाहन हे वाहन आहे, सबब धरावे. आणि मग आवाज बदलून बोलिले, "पाटीवर लिहिलं होतं म्हणून गेलो हो. आणि घेतलं की आत! टँकरवाल्यानं. स्वतः थांबून." ही वार्ता त्यांनी तीन वेळा सांगितली, मोजणीबाईने मोजली.

शुक्रवारी भर दरबारात पाकीट फोडिले आणि कचेरीच्या वहीत नोंद जाहली: अंदाज एकोणचाळीस, प्रत्यक्ष चाळीस, चूक एकाची. पुढे 'चुकीचे कारण' ऐसा रकाना असतो. त्यात मोजणीबाईने लिहिले, 'एक वाहनचालक, वय छप्पन्न, पाटी वाचून गेला.' साहेबांनी ते वाचिले, चष्मा पुसला, आणि खाली सही केली. त्यांनी नव्या सिग्नलाचा कायमचा हुकूमही त्याच बैठकीत काढिला; आणि मोजणीबाई, जिचा अंदाज आठ वर्षांत आठ वेळाही चुकला नव्हता, ती आपली चूक वहीत पाहून लहान पोरीसारखी हसत बसली.

त्याच दिवशी पावणेचार वाजता तिने घरी येऊन सांगितले, "आई, कायमचे झाले."

आईसाहेबांनी कपाट उघडिले आणि चपला काढिल्या. कन्येने हात धरू म्हटले, तर "तू इथंच थांब, मला एकटीला जायचंय," ऐसी आज्ञा जाहली. चाराच्या ठोक्यास पायी चालणारांचा हिरवा लागला आणि आईसाहेब रस्त्यात उतरल्या. पिशवी छातीशी धरलेली, पाऊल बेताचे, नजर समोर. मोजणीबाई फुटपाथावर उभी राहून मोजू लागली. दुभाजकाचा कट्टा आला, आईसाहेबांनी त्याजकडे पाहिलेही नाही. चौदा जाहले, जुने राज्य तेथे संपले, आणि आईसाहेब चालतच होत्या. दोन्ही अंगास मोटारी, ट्रक, टँकर, कडेच्या लेनसुद्धा सर्व आपापल्या रेषेमागे उभे. एकोणिसाव्या सेकंदास पलीकडच्या फुटपाथावर पाऊल पडले. तेथे मावशीसाहेब दाराबाहेर येऊन, डोळ्यांवर आडवा हात धरून, भलत्याच दिशेस पाहत उभ्या होत्या. आईसाहेबांनी त्यांचा दंड धरिला आणि चार महिन्यांनी समोरासमोर पहिले वाक्य बोलिल्या, "पडदे धू की गं ते. चार महिने बघतेय."

मावशीसाहेब त्यांच्या गळ्यात पडून रडू लागल्या, आणि रडता रडताच म्हणाल्या, की दिसत नाहीत तर धुवू कसे.

येणेप्रमाणे आठ सेकंद लढून घेतले, चौदाचे बावीस जाहले, आणि ते पायी चालणारांचे दिमतीस कायम लावून दिले. ही फत्ते शुमारनवीस मोजणीबाई यांच्या एका चुकीने, पाटीबहाद्दरांच्या दोन पाट्यांनी आणि मोठ्या साहेबांच्या एका इंडिकेटराने जाहली, हे कोणी नाकारू नये. आईसाहेबांस एकोणीस लागले. उरले तीन सेकंद. ते त्यांनी पलीकडून मागे वळून, गाड्यांच्या रांगेवरून, लेकीस हात करण्यात खर्च केले, आणि मग दिवा लाल जाहला.